सत्त्याऐंशी नंबरचा फॉर्म

"ह्याचे आई-बाप भांडतात," शोभी म्हणाली आणि तिनं पाचव्या प्रश्नापुढच्या 'नेहमी'च्या चौकटीत खूण केली. "रोज. जेवायच्या टायमालाच. त्यामुळं ह्याला जेवण जात नाही. म्हणजे पंचविसावा प्रश्नपण 'नेहमी'. बघ, कसा जमला!"

"नाव काय ह्याचं?" मी विचारलं.

"नाव लिहायचं नाही असं वरच छापलंयस की तू, खुळे."

फेब्रुवारीतला रविवार होता. सांगलीतल्या आमच्या लेडीज हॉस्टेलच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीच्या सावलीत आम्ही दोघी बसलो होतो. मध्ये पसरलेल्या वर्तमानपत्रावर भडंगाचा ढीग होता. शोभीच्या घरचं भडंग म्हणजे भरपूर लसूण आणि हाताला लागेल इतकं तेल. ती एक मूठ तोंडात टाकायची, मग जुन्या टॉवेलला एकेक बोट नीट पुसायची आणि मगच फॉर्मला हात लावायची. मी तशीच तेलकट बोटं घेऊन कागद उचलायला गेले की हातावर फटका मारायची.

"तुझ्या मॅडमना डाग चालायचे नाहीत. हात पूस आधी."

मी रेवती जंगम, तासगावची. तेव्हा मानसशास्त्रात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. माझ्या प्रोजेक्टचा विषय होता 'महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या भावनिक स्वास्थ्यावर परिणाम करणारे मानसशास्त्रीय घटक'. हे एका दमात म्हणून दाखवलं की मेसमधल्या मुली टाळ्या वाजवायच्या. चाळीस प्रश्नांचा फॉर्म मी तयार केला होता. पहिले वीस कारणांचे: घरातली भांडणं, परीक्षेची भीती, दुसऱ्यांशी तुलना, प्रेमभंग, इंग्रजीची धास्ती, असले. पुढचे वीस परिणामांचे: झोप लागत नाही, जेवण जात नाही, उगाच रडू येतं, माणसांत बसवत नाही. शेवटचा, चाळिसावा, 'जगणं नकोसं वाटतं.' प्रत्येक प्रश्नापुढं चार चौकटी होत्या. कधीच नाही, कधी कधी, बऱ्याचदा, नेहमी. आणि तळाशी दोन रिकाम्या ओळी, 'आणखी काही सांगायचे असल्यास'. त्या ओळी मी फक्त पान भरायला टाकल्या होत्या. खोटं कशाला बोलू?

फॉर्म पाहिजे होते एकशे वीस. गावातल्या एका कॉमर्स कॉलेजात मी ते भरून घ्यायला गेले त्याच दिवशी तिथं क्रिकेटची मॅच निघाली आणि वर्गात बसली शंभरच डोकी. प्रोजेक्ट द्यायला पंधरा-सोळा दिवस उरलेले. मग मी केलं ते आमच्या आधीच्या दोन-तीन बॅचनी केलं होतं तेच. उरलेले वीस बसून भरायचे.

शोभी, म्हणजे शोभना चौगुले, माझी रूम पार्टनर. गडहिंग्लजची, एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स. तिकडच्या मुलींसारखी 'मी येतो, मी जातो' म्हणायची. सगळ्या हॉस्टेलला हसवणारी पोरगी. रेक्टरबाईंची नक्कल तिनं करावी आणि आम्ही पोट धरून लोळावं.

"एकट्यानं भरलीस तर सगळे फॉर्म एकसारखे येतील आणि पकडली जाशील," ती म्हणाली होती. "खोटं करायला पण स्टॅटवाली लागती. दे इकडं."

आणि खरंच, प्रत्येक फॉर्मसाठी ती एक अख्खा माणूस उभा करत होती. ही कोकणातली, हिला शुद्ध मराठी बोलायची लाज वाटते. हा पैलवानाचा पोरगा, ह्याला रडू येतं पण सांगायची चोरी. चार रंगांची पेनं होती. एक पेन संपलं की दुसरं. अठरा झाले तेव्हा खालून हॉस्टेलच्या मामींनी हाक मारली, जंगमचा घरून फोन आलाय म्हणून. मी खाली गेले, आईशी बोलून वर आले तर शोभी भडंगाचा कागद गोळा करत होती. विसाच्या वीस फॉर्मांचा गठ्ठा बाजूला नीट लावून ठेवलेला.

"झाले पण?"

"झाले. आता खरे-खोटे मिसळ आणि मग नंबर घाल. खोटे एका जागी राहिले की मॅडमना कळतंय."

मी पत्ते पिसावेत तसे एकशे वीस फॉर्म पिसले आणि वर लाल पेननं नंबर टाकले. एक ते एकशे वीस.

पुढचे तीन-चार दिवस मी बेरजा करण्यात घालवले. गुरुवारी गठ्ठा घेऊन माझ्या प्रोजेक्टच्या गाईड घाटगे मॅडमकडे गेले. मॅडम कडक, पण माणूस सरळ. टेबलावर बडीशेपेची डबी, हातात पेन्सिल. एकेक फॉर्म उलटत त्या सत्त्याऐंशी नंबरवर थांबल्या.

"हे काय आहे, जंगम?"

मी बघितलं. पहिले वीस प्रश्न, कारणांचे, सगळे 'कधीच नाही'. घरी भांडण नाही, परीक्षेची भीती नाही, कुणाशी तुलना नाही. पुढचे वीसच्या वीस 'नेहमी'. झोप नाही, भूक नाही, माणसं नकोत. चाळिसावासुद्धा 'नेहमी'. आणि तळाच्या रिकाम्या ओळीवर वाकड्यातिकड्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'इथपर्यंत कोणी बघतं का?'

"कारण एकही नाही आणि परिणाम सगळे," मॅडम म्हणाल्या. "असं कुणी नसतं. खोडसाळपणा केलाय कुणीतरी. आणि कागदावर तेलाचा डाग पाडलाय तो वेगळाच. हा एक फॉर्म तुझी सगळी आकडेवारी बिघडवेल. काढून टाक."

"मग एकशे एकोणीस होतात, मॅडम."

"एक मुलगा गाठ आणि भरून घे नवीन. त्यात काय."

मला सुटल्यासारखं झालं. तो फॉर्म मी घडी करून पर्समध्ये टाकला आणि तशीच खोलीवर आले. शोभी कॉटवर भिंतीकडं तोंड करून पडली होती. दुपारी अशी पडायची अलीकडं. मेसच्या नाश्त्यालाही यायची नाही. 'डाएट हाय' म्हणायची.

"शोभे, ऊठ. एक फॉर्म भरून दे."

"वीस झाले की."

"एक मॅडमनी काढून टाकला. सत्त्याऐंशी नंबरचा. कुणी शहाण्यानं मस्करी केलीय. कारण एक नाही आणि म्हणे जगणं नकोसं वाटतं. मॅडम म्हणाल्या, असं कुणी नसतं."

शोभी उठून बसली. केस सारखे केले. "असं म्हणाल्या?"

"मग काय! कागदावर तेलपण सांडलंय गबाळ्यानं. भर ना गं पटकन."

तिनं उशाची पेनं पुढं ओढली. मग हसली, नेहमीसारखी. "आण. एकदम चांगला पोरगा करून देतो तुला. मॅडम खूश झाल्या पाहिजेत." आणि पाच मिनिटांत तिनं फॉर्म भरला. थोडी परीक्षेची भीती, थोडी कमी झोप, सगळं बेताचं. चाळिसाव्या प्रश्नाला 'कधीच नाही'. "हा घे," म्हणाली. "आता बसेल सगळं व्यवस्थित."

रात्री कपडे भरताना तिनं सांगितलं, "मी शनिवारी घरी जातो चार दिवस. तुझी बादली फुटलीय न्हवं? माझी वापर." हॉस्टेलमध्ये बादली म्हणजे जीव की प्राण. हां हां म्हणता चोरीला जायची. म्हणून प्रत्येकीनं ऑइलपेंटनं नाव घातलेलं असायचं. मी खूश झाले, एवढंच आठवतंय मला.

पण तो घडी घातलेला कागद पर्समध्ये होता, आणि तो काही मला स्वस्थ बसू देईना. शुक्रवारी लायब्ररीत बसले तर चार ओळी वाचून उठले. चहा प्यायला गेले तर तो अर्धा टाकून आले. माझा स्वभाव मुळात उतावळा, कशात जीव अडकला की माझ्यानं स्थिर राहवत नाही. कागद काढून उन्हात धरला. तळाच्या ओळीशेजारी तेलाचा डाग होता, अंगठ्याएवढा. कागद त्या जागी आरपार दिसत होता. मस्करी करणारा माणूस वीस वेळा 'नेहमी'वर खूण करतो, ठीक. पण तळाशी येऊन असं विचारतो का? आणि एकदम मला आठवलं. कॉमर्सच्या त्या वर्गात मी फॉर्म वाटत होते तेव्हा मागच्या बाकावरचा एक उंच मुलगा ओरडला होता, "मॅडम, हे बघणार कोण?" सगळा वर्ग हसला होता. मीसुद्धा हसले होते.

तोच असणार. तो ओरडून विचारत होता आणि मी हसले होते. तो पोरगा काही करून बसला तर? आणि ते कळूनही मी त्याचा कागद पर्समध्ये घालून हिंडत होते. शुक्रवारी संध्याकाळी कॉलेजवर गेले तर सकाळच्या वर्गाची मुलं कधीच पांगलेली. ती रात्र मी कशी काढली ते माझं मलाच ठाऊक. शोभी पलीकडच्या कॉटवर होती. जागी होती. तिनं विचारलं, "झोप येत नाही?" मी म्हटलं, "एक पोरगा आहे गं, त्याचं काही खरं नाही." ती म्हणाली, "झोप, रेवे. सगळ्यांचं चांगलं होतंय."

शनिवारी सकाळी ती आंघोळ करून बॅग भरत होती तेव्हाच मी बाहेर पडले. धड निरोपसुद्धा घेतला नाही.

त्या मुलाचं नाव इरफान मुजावर. वर्गातल्या मुलींनी सांगितलं. शेवटचा तास बुडवून कॅन्टीनबाहेर सायकलला टेकून उभा होता. मी सरळ जाऊन त्याच्यापुढं उभी राहिले आणि काय बोलावं तेच कळेना. चारशे पानांचं समुपदेशनाचं पुस्तक तोंडपाठ होतं माझं.

"तू ठीक आहेस ना?" मी विचारलं.

"मी? का हो ताई?"

"म्हणजे... मनानं. झोप वगैरे लागते का?"

त्यानं मित्रांकडं बघितलं. मित्र फिदीफिदी हसायला लागले. तो कानापर्यंत लाल झाला. मी त्याला बाजूला ओढलं आणि हळू आवाजात म्हटलं, "हे बघ, तू त्या फॉर्मवर जे लिहिलंस ते मी कुणाला सांगणार नाही. पण तू एकटा नाहीस."

"काय लिहिलं मी?"

"तू विचारलं होतंस ना, हे बघणार कोण म्हणून?"

"अहो ताई, ते टाइमपास! शेवटचा बाक म्हटल्यावर काहीतरी बोलायलाच पाहिजे. मी तर सगळीकडं 'कधी कधी' मारून टाकलं. मिरजेची बस होती माझी. सॉरी हां. तुमचा अभ्यास बिघडला काय?"

माझा विश्वास बसेना. वरचा भाग घडीत लपवून मी नुसती ती तळाची ओळ त्याच्यापुढं धरली. "हे अक्षर तुझं नाही?"

त्यानं कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, मग नाकाजवळ नेला. परत एकदा नाकाजवळ नेला.

"ताई, ह्याला तर भडंगाचा वास येतोय."

"काय?"

"भडंग. लसणाचं. आणि घरचं हाय, दुकानातलं न्हवं. आमच्या वर्गात साडेसातला कोण भडंग खातंय?"

आज इतकी वर्षं झाली तरी मला ते कॅन्टीन दिसतं. कागद त्याच्या हातातून ओढून मी नाकाला लावला. आठवडाभरापूर्वीची गच्ची त्या वासात होती. ती चादर, तो टॉवेल, एकेक बोट पुसणारी शोभी. शेवटच्या दोन फॉर्मांच्या वेळी मी खाली फोनवर होते.

"ताई, काय झालं? पाणी आणू?" तो विचारत होता. मी उत्तर न देता पळत सुटले.

हॉस्टेलवर पोचले तेव्हा अकरा वाजून गेले असतील. खोलीत शोभीची कॉट मोकळी, गादी गुंडाळून ठेवलेली. चार दिवसांसाठी कोण गादी गुंडाळतं? बाथरूमकडं पळाले. तिची निळी बादली दाराशी पालथी घातली होती. तिच्यावरचं 'शो. चौगुले, खो. १४' खरवडून काढलं होतं आणि त्याच जागी ताज्या पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, 'रे. जंगम, खो. १४'. बोट लावलं तर रंग अजून चिकट होता.

मी तिथंच फरशीवर बसले. माझ्या प्रोजेक्टच्या दुसऱ्या प्रकरणात मी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'अशी व्यक्ती आपल्या आवडत्या वस्तू इतरांना देऊन टाकते.' पान नंबरसुद्धा सांगू शकले असते. आणि बादली मिळाली म्हणून मी खूश झाले होते.

"मामी, शोभी कधी गेली?"

"नऊला की. स्टँडवर जाते म्हणाली. का गं? रडतेस कशाला?"

स्टँडवर गेली, घरी पोचली असेल, असं मी मनाला समजावत होते आणि मन काही ऐकत नव्हतं. रिक्षात बसले तर रिक्षा गर्दीत अडकली. उतरून पळाले. साडेनऊची गाडी मिळाली असेल तर आता ती घराच्या वाटेवर असेल. नसेल मिळाली तर? आणि ती स्टँडवर गेलीच नसेल तर? ह्या प्रश्नापुढं माझं डोकं चालेना. देवाला नवस बोलले. कुठल्या ते आठवत नाही.

ती होती. गडहिंग्लजच्या फलाटासमोर सिमेंटच्या बाकावर, मांडीवर बॅग घेऊन. आसपास माणसं चढत-उतरत होती आणि ती समोर बघत बसली होती. मी धावत गेले. शेजारी जाऊन बसले.

"गाडी गेली?" कसंबसं विचारलं.

"गेली."

"मग तू बसली नाहीस?"

"उठायलाच झालं नाही." तिनं माझ्याकडं बघितलं. "तू का आलीस?"

मी पर्समधून कागद काढला, घडी उलगडली आणि तिच्या बॅगेवर ठेवला. ती त्या डागाकडं बघत राहिली. मला वाटलं, नाही म्हणेल. हसण्यावारी नेईल.

"आठ दिवस लागले तुला," ती म्हणाली. "मानसशास्त्राची पोरगी, आणि आठ दिवस."

हसून म्हणाली ती. आणि मग ते हसू तिला आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. मी तिचे दोन्ही हात घट्ट धरले. शेजारच्या बाईंनी पोराला दुसऱ्या बाजूला घेतलं आणि तोंड फिरवलं.

"एकोणीस फॉर्मांना हात पुसले मी," शोभी म्हणाली. "एकावर डाग दाखव. ह्याला नाही पुसले. डाव्या हातानं लिहिलं, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून. आणि अंगठा तसाच ठेवला. बघूया म्हटलं, रेवी ओळखती काय."

"आणि मी तुझ्याच हातात..." मी म्हटलं.

"माझ्या जागी दुसरा भरायला दिलास. चांगला भरला की मी. मला वाटलं, बरोबर हाय. मला काढलं की सगळे आकडे नीट बसतात."

मला राग आला. हो, राग आला, लपवून काय करू? भर स्टँडवर मी तिच्यावर ओरडले. "तोंड नव्हतं तुला? एका खोलीत झोपतो आपण! सरळ सांगता आलं नाही?"

"काय सांगू?" तीही ओरडली. "घरात कोण मला बोलत नाही. पप्पा मागेल ते देतात. पेपर चांगले गेलेत. कुठला पोरगा न्हाई, कुठलं भांडण न्हाई. तुझे वीसच्या वीस प्रश्न नीट वाचून बघितले मी, रेवे. म्हटलं, ह्यातलं एक तरी कारण माझं असंल. एकपण न्हाई. मग लोकांना काय सांगायचं? जगायचं नाही म्हटलं की पहिलं विचारतात, का? मला 'का' माहीतच न्हाई."

ऐंशी पानं लिहिली होती मी त्या 'का'वर.

"तू घरी निघाली होतीस ना, शोभे?" मी विचारलं.

समोर एक गाडी लागली, भरली, गेली. "मामींना तसंच सांगितलं," ती म्हणाली. "इथं येऊन बसलो तेव्हा कुठं जायचं तेच ठरंना."

"आणि बादली?"

"चांगली बादली हाय ती. कोणीतरी पळवली असती."

ह्यावर काय बोलायचं असतं, त्या पुस्तकातलं एकही वाक्य मला आठवलं नाही. मी म्हटलं, "मला काही कळत नाही, शोभे. पण घाटगे मॅडमना कळत असेल. त्यांच्या ओळखीचे डॉक्टर आहेत मिरजेला. आत्ता जाऊ."

"त्यांना काय सांगणार? हा फॉर्म माझा म्हणून? मग त्या विचारणार, एम.एस्सी.ची पोरगी कॉमर्सच्या गठ्ठ्यात कशी आली. वीस खोटे आहेत ते सांगावं लागंल तुला."

"सांगते."

"वर्ष जाईल, खुळे."

"जाऊ दे."

"तासगावला तुझे वडील मारतील."

"मारू देत. ऊठ आधी तू."

ती उठली. बॅग मी घेतली. रिक्षापर्यंत तिनं माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं.

मॅडम त्यांच्या घराच्या दारातच होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, आधी शोभीचं आणि मग वीस फॉर्मांचं. मॅडमनी तो कागद हातात घेतला आणि नुसत्याच म्हणाल्या, "मी काढायला सांगितला होता." परत एकदा तेच म्हणाल्या. मग आत जाऊन त्यांनी डॉक्टरांना फोन लावला आणि स्वतः आमच्याबरोबर मिरजेला आल्या. संध्याकाळी शोभीचे पप्पा गाडी करून आले. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत मला विचारत होते, "आमच्याकडनं काय कमी पडलं, पोरी?" मी म्हटलं, काही नाही, काका. खरंच काही नाही.

सोमवारी मॅडमनी माझं प्रोजेक्ट परत केलं. योग्यच केलं त्यांनी. माझं वर्ष गेलं आणि घरी जो काही तमाशा झाला तो झालाच. शोभीचं औषध सुरू झालं. सिनेमात होतं तसं काही एका दिवसात झालं नाही. दोनदा परत तब्येत ढासळली, औषधं बदलली, पाच महिने ती घरी राहिली. मी दर पंधरा दिवसांनी गडहिंग्लजला जायचे आणि तिचे पप्पा येताना भडंगाचा डबा द्यायचे.

पुढच्या फेब्रुवारीत मी परत फॉर्म वाटले. ह्या खेपेला शेवटचा मुलगा उठेपर्यंत वर्गात बसून राहिले आणि प्रत्येक कागद तळापर्यंत बघितला. एकशे एकोणीस झाले. शोभी तेव्हा परत हॉस्टेलवर आली होती, पहिल्या वर्षापासून सगळं नव्यानं सुरू करून.

"मला पण दे की एक," ती म्हणाली. "मी पण कॉलेजचीच हाय."

आम्ही गच्चीवर बसलो. मध्ये भडंगाचा कागद. पहिल्या वीस प्रश्नांना तिनं भराभर खुणा केल्या. 'कधीच नाही', सगळ्यांना. पुढच्या वीस प्रश्नांना वेळ लागला. एकेक प्रश्न ती वाचायची, थांबायची, मग खूण करायची. झोप, 'कधी कधी'. भूक, 'कधीच नाही'. माणसांत बसणं, 'बऱ्याचदा'. चाळिसाव्यापाशी पेन थांबलं. मी वाळत घातलेल्या कपड्यांकडं बघत राहिले.

"कधी कधी," ती मोठ्यानं म्हणाली आणि चौकटीत खूण केली.

मग तिनं टॉवेल घेतला, एकेक बोट नीट पुसलं, अंगठा सोडून. तो भडंगाच्या तेलात दाबला आणि फॉर्मच्या तळाला उमटवला. "सही," म्हणाली.

मी लाल पेन काढलं. एकशे एकोणीस फॉर्मांना नंबर घालताना एक आकडा मी मुद्दाम मोकळा ठेवला होता. तो तिच्या कागदावर टाकला, सत्त्याऐंशी.